खोटे चार दिवस

२ मे, शुक्रवार

लिहायचं टाळत होते. तीन आठवडे. लिनबाई म्हणाल्या होत्या, आजपासूनच सुरू कर. मी वही घेतली, वाटेत समुद्रावर थांबले. तिथे एक माणूस कुत्र्याला पोहायला शिकवत होता. कुत्र्याला येतच होतं. ते बघत बसले आणि वही गाडीत राहिली. मग तिच्यावर कॉफी सांडली. मग वाळायला ठेवली. वाळायला काही तीन आठवडे लागत नाहीत. असो.

लिनबाई म्हणजे चिनी औषधांच्या डॉक्टर. इथेच टौरंगात, एका डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या मागे, दोन खोल्या. पॅकहाउसमध्ये माझ्या शेजारी उभी राहून किवीफळं निवडणाऱ्या बाईनं पाठवलं. मला ऑक्टोबरपासून पाळी आलेली नाही. दिवस गेलेले नाहीत — त्याला दुसरं कुणी लागतं. जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. गोळ्या देते म्हणाली, स्कॅनच्या यादीत नाव घातलं. गोळ्या मी आणल्या नाहीत. का, ते विचारू नये.

लिनबाईंनी माझ्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली. इतका वेळ, की मला वाटलं विसरल्या. जीभ बघितली. फिकी, कडांना दातांचे ठसे. मग प्रश्न — बर्फाचं पाणी पितेस? पाय गार? स्वप्नं? चिडतेस? रडतेस? मी सगळ्याला, नॉट रिअली. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच, तुकड्यातुकड्यांचं. म्हणाल्या, "रक्त कमी पडलंय की अडलंय, ते आधी बघायचं. कमी असेल तर भरायचं. अडलं असेल तर हलवायचं. उलट केलं तर वाईट. म्हणून घाई नाही. म्हणून वही."

रोज लिहायचं : झोप, पाय, जीभ, राग. आणि जे मनात येईल ते. "मला दाखवू नको. मला मराठी येत नाही." हे त्या न हसता म्हणाल्या.

तर. झोप — आठ तास. पाय — गार. जीभ — सिग्नलला आरशात बघितली, शेजारच्या गाडीतल्या माणसानं पण काढून दाखवली. राग — नाही.

३ मे

झोप ठीक. पाय गार. राग नाही.

४ मे, रविवार

मी राहते सुलभाकाकूंकडे. काकू त्रेसष्ट वर्षांच्या, पुण्याच्या. नवरा गेल्यावर मुलाकडे आल्या, दहा वर्षं झाली. मुलगा मकरंद इथे पोर्टवर इंजिनिअर होता. दोन वर्षांपूर्वी ब्रिस्बेनला गेला, घर आणि आई इथे ठेवून. काकूंना ब्रिस्बेनचं ऊन नको. म्हणून एक खोली भाड्यानं, ती माझी. चौदा महिने. हा माझा विक्रम आहे. या देशात आल्यापासूनच्या आठ वर्षांत अल्बनी — तिथे डिप्लोमा कसाबसा — मग पोरिरुआ, चेरीच्या बागा, एक मोटेल, परत पोरिरुआ. कुठेच वर्ष भरलं नाही.

पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या होत्या, "बाकी माझं काही म्हणणं नाही हं स्वरदा. शॉर्ट्स घाल, उशिरा ये. चार दिवस तेवढे सांगायचे. घरात देव आहेत." म्हणजे स्वयंपाकघरात जायचं नाही, देवाजवळ नाही. मला तेव्हा हसू आलं होतं. माझ्या आईनंसुद्धा हे कधीच सोडलं.

पण त्या चार दिवसांत काकू ताट खोलीत आणून देतात. वरणभात, तूप, लिंबाची फोड. "ऊन आहे तोवर जेव." संध्याकाळी आल्याचा चहा. दार वाजवतात आणि कप बाहेर स्टुलावर ठेवतात. आठ वर्षांत मला कुणी खोलीत ताट आणून दिलेलं नव्हतं.

नोव्हेंबरात पाळी आली नाही. काकू कॅलेंडरवर माझ्या तारखेला पेन्सिलीनं टिंब देतात. त्यांनीच विचारलं, "बसलीस का?" मी हो म्हणाले. ठरवून नाही, तोंडातून गेलं. ताट आलं.

डिसेंबरात पण. जानेवारीत पण. दर अठ्ठावीस दिवसांनी मी खोटी बसते.

लिनबाईंना हे सांगितलेलं नाही. इथे लिहिलं तर चालतं का? चालत असावं.

६ मे, मंगळवार

काढा सुरू. मुळ्यांच्या चकत्या, लाल खजुरासारखी सुकी फळं, कसलीतरी साल. एका मुळीला सेलरीचा आणि जुन्या कपाटाचा मिळून वास आहे. स्टीलमध्ये उकळायचं नाही, मातीच्या भांड्यातच. काकूंनी दारातून विचारलं, "कसला गं?"

"सर्दीचा."

"सुंठ घाल थोडी. नुसत्या मुळ्यांनी काय होतंय."

लिनबाई पण म्हणाल्या होत्या, आलं घाल. दोघींना एकदा एका खोलीत बसवायला हवं.

दिवा लावला. हल्ली मीच लावते, काकूंचे गुडघे धरलेत. देव्हारा पण गुढीपाडव्यानंतर मीच हलवला, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये. काकूंनी सांगितलं, फोडणीचा धूर लागतो मूर्तींना. त्या लांब उभ्या राहून डावीकडे घे, उजवीकडे घे, करत होत्या.

पाय गार.

८ मे, गुरुवार

तारीख. सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबले आणि म्हणाले, "काकू, मी बसले."

काकूंच्या हातात कणीक होती. "आजच?"

"तारीख आहे ना."

"हो. आहे, आहे." हॉलकडे बघितलं. मग कॅलेंडरकडे. "बरं. बस."

एरवी म्हणतात, "जा, आराम कर." आज नाही म्हणाल्या. ताट आलं, पण लिंबाची फोड नव्हती.

कळलं की काय त्यांना?

९ मे

देवापुढे दिवा नाही. परवाची फुलं तशीच. काकू एक दिवस चुकवत नाहीत. चुकवत नसत. गुडघे म्हणे. पण दुपारी त्या अंगणात गुडघ्यांवर बसून तण काढत होत्या.

११ मे, रविवार

सकाळी सहाला दार वाजलं. "स्वरदा, आज चौथा ना? न्हाऊन घे. डोक्यावरून."

लिनबाईंनी सांगितलंय, पाळीत केस धुवायचे नाहीत, गारठा शिरतो. काकूंचं म्हणणं, चौथ्या दिवशी धुतलेच पाहिजेत. माझ्यापुरता प्रश्न नव्हता. कारण पाळीच नव्हती. धुतले.

बाहेर आले तर काकू पॅसेजमध्ये उभ्या. "आता दिवा लाव."

"काकू, देवाचं पाचव्या दिवशी ना? तुम्हीच म्हणता."

"आज लावलास तरी चालेल."

त्या पॅसेजमधूनच सांगत राहिल्या. ताम्हन घे. गणपती आधी. पुसताना जोर नको. हॉलच्या गालिच्यावर पाऊल ठेवलं नाही. वात पेटली तेव्हा त्यांनी तिथूनच हात जोडले, बराच वेळ. मी डिशवॉशर लावायला गेले.

१४ मे, बुधवार

लिनबाईंकडे. नाडी तशीच. ताणलेल्या तारेसारखी आहे म्हणाल्या. म्हणजे कमी नाही, अडलंय. औषध बदललं. आता हलवायचं. त्याआधी तीनदा विचारलं, दिवस गेलेले नाहीत ना, नक्की ना, शपथेवर? या औषधानं गर्भ पडू शकतो. मी नाही म्हणाले. तरी त्यांनी चाचणीची पट्टी हातात दिली आणि बाथरूम दाखवली. एक रेघ.

"ऑक्टोबरात काय झालं होतं?"

"काही नाही."

"घर बदललं? माणूस गेलं? काम?"

"नाही."

खरंच काही झालं नव्हतं. तेच सांगता येत नाही कुणाला. कुणी मेलं असतं तर बरं, असं नाही म्हणायचं मला. पण विचारणाऱ्याला बरं पडलं असतं.

मग मी त्यांना चार दिवसांचं सांगितलं. ताट, चहा, टिंब. वाटलं रागावतील. त्या पहिल्यांदा हसल्या, तोंडावर हात ठेवून. "रक्त नाही, आराम आहे! माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं उलट. रक्त आहे, आराम नाही." मग हसू बंद. "तिला खरं सांग. खोटं सांभाळायला पण रक्त लागतं."

नवीन औषध कडू. जीभ काळी दिसते, पण ती औषधानं.

१७ मे

पॅकहाउस. दहा तास. पट्ट्यावर फळं येतात, डागाळलेलं बाजूला, मऊ बाजूला. हात चालतात, डोकं लागत नाही. हे काम मला आवडतं असं म्हणू शकते. राग नाही.

२० मे, मंगळवार

डोकं दुखत होतं म्हणून गोळी शोधायला बाथरूमचं कपाट उघडलं. खाली पॅड्सचं मोठं पाकीट. ऑक्टोबरात सेलमध्ये घेतलं होतं, तीस नगांचं. मी ते फोडलेलं नव्हतं. फोडायची वेळच आली नाही.

फोडलेलं होतं. चार उरलीत.

घरात दोन बायका राहतात. एक मी.

२१ मे

गुडघे नाहीत. फोडणीचा धूर नाही. पाडव्यापासून काकूंनी देवाला हात लावलेला नाही आणि गालिच्यावर पाऊल ठेवलेलं नाही. मी बसले की दिवा लावायला घरात कुणीच उरत नाही. म्हणून ते "आजच?"

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं, एवढं कळलं. पायऱ्या उतरताना एक पायरी जास्त मोजली की पाय आपटतो, तसं काहीतरी. मग टोस्ट खाल्ला.

२२ मे, गुरुवार

शिफ्ट संपल्यावर थेट लिनबाईंकडे. त्या छोट्या तराजूवर कसलीतरी पानं तोलत होत्या. मी म्हणाले, माझं नाही, दुसऱ्या एका बाईंचं विचारायचंय. त्रेसष्ट वर्षं. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असणार. आता परत रक्त. दोन महिने असेल.

त्यांनी तराजू खाली ठेवला.

"औषध नाही. माझ्याकडून एक पान नाही. जीपी. या आठवड्यात."

"म्हणजे वाईट असतं?"

"छोटं असेल. मोठं असेल. आपण दोघींनी इथे उभं राहून अंदाज करायचा नाही. आत बघावं लागतं. माझी बोटं आत बघू शकत नाहीत." मग एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून दिलं, मोठ्या अक्षरांत, शाळेतल्यासारखं. खाली दोन रेघा.

दरवाजापर्यंत आल्या. "ती बाई — ताटवाली?"

मी मान हलवली.

२३ मे

नाही सांगितलं.

कसं सांगणार? पाकीट संपत आलंय म्हणायचं तर त्या म्हणतील, तूच वापरलंस. मग मला सांगावं लागेल की मी नाही.

२४ मे, शनिवार

फेसबुकवर बघितलं — ब्लेनहाइमला द्राक्षांची छाटणी सुरू आहे, माणसं हवीत, राहायची सोय. सोमवारपासून या, हीप्स ऑफ वर्क, म्हणजे ढिगानं काम. मी बॅग भरून बघितली. वीस मिनिटं लागली. पूर्वी चाळीस लागायची.

बॅग भरून झाल्यावर वही सापडेना म्हणून परत उपसली. वही उशीखाली होती. भरायचा कंटाळा आला.

काकू आज दोनदा मधेच आडव्या झाल्या. दुपारी बटाट्यांची सालं काढता काढता उठून गेल्या. सालं तशीच. मी उरलेले बटाटे सोलले.

२६ मे, सोमवार

सांगितलं. जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीनं आठवेन.

काकू टेबलाशी मेथी निवडत होत्या. मी समोर बसले, अर्धी जुडी ओढून घेतली. म्हणाले, "काकू, मला ऑक्टोबरपासून पाळी आलेली नाही."

"काय बोलतेस? आत्ता या महिन्यात तर —"

"नाही आली. मी खोटंच बसत होते."

त्या निवडतच होत्या. काड्या पानांत आणि पानं काड्यांत जायला लागली. "सात महिने?"

"हो."

"आणि मी ताटं आणत होते."

"हो."

"का गं?"

"तुम्ही ताट आणायचात म्हणून."

मला वाटलं उठतील. मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर परत बोलले नसते. "बाथरूममधलं पाकीट माझं आहे. त्यातलं मी एकही वापरलेलं नाही."

काकूंनी मेथी बाजूला सारली, हात पदराला पुसले. पदर नव्हता, कार्डिगन होतं, त्याला पुसले.

"पाडव्यापासून," म्हणाल्या. "थांबतं, परत लागतं. पन्नाशीला बंद झाली होती माझी. मला वाटलं..." मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी चोरलंय. "मला वाटलं तुझ्यामुळे. बायका एका घरात राहिल्या की एकीची लागून दुसरीची येते, म्हणतात ना. आमच्या घरी आम्ही तिघी जावा एकदमच बसायचो. म्हटलं तरुण मुलगी घरात आहे, तिच्या वाऱ्यानं आली असेल. होईल चार महिने, जाईल."

"माझी नव्हतीच, काकू."

"ते कळलं आता." अगदी हळू — "मग माझं हे काय आहे?"

मी लिनबाईंची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा न लावताच वाचल्यासारखं केलं.

"स्वयंपाक मी करत होते," म्हणाल्या. "चूल ती पोटाची, तिला काय करणार? पण देवाला नाही शिवले. तू होतीस म्हणून दिवा लागत होता. आणि तू बसलीस की मी मोजत बसायची, कधी चौथा येतो. दोनदा तीन-तीन दिवस देव अंधारात राहिले माझे. खोट्यासाठी."

त्या खोलीत गेल्या. मेथी मी निवडली, दोन्ही ढिगांतली. पहिल्यापासून.

राग — बघितला. नाही. दुसरं काहीतरी आहे, त्याचं नाव लिनबाईंच्या यादीत नाही.

२७ मे

काकू बोलत नाहीत. माझं जेवण डब्यात, ओट्यावर.

२८ मे

अजून नाही. मी ब्लेनहाइमच्या माणसाला कळवलं, येत नाही. त्यानं लिहिलं, स्वीट ॲज, म्हणजे काही हरकत नाही.

संध्याकाळी काकू दारात. "त्या डॉक्टरला फोन लाव. माझं इंग्रजी फोनवर फुटतं."

२९ मे, गुरुवार

रजा टाकून गेले. जीपी बाई आहे, तरुण, हसतमुख, इथल्या नमस्काराचं किया ओरा म्हणाली. मी आत जायला उठले तर काकूंनी माझा दंड धरून खाली बसवलं. "तू नकोस. लग्न व्हायचंय तुझं."

"काकू, त्याचा काय संबंध?"

"नकोस म्हटलं ना."

आठ मिनिटांत बाहेर. तपासू दिलं नाही. पण चिठ्ठी हातात ठेवली होती, ती डॉक्टरनं वाचली. तेवढ्यावर हॉस्पिटलला कळवलंय, तातडीचं म्हणून. गाडीत मी विचारलं, काय म्हणाली? "नळी घालून बघणार म्हणे. मी काय ऐकलं नाही पुढचं."

राउंडअबाउटला मी चुकून दोन फेऱ्या मारल्या. काकू काही बोलल्या नाहीत, आणि त्या माझ्या गाडी चालवण्यावर नेहमी बोलतात.

३१ मे

हॉस्पिटलचा फोन कालच आला होता. शुक्रवारी, सहा जूनला, सव्वादहा. सोबत कुणाला तरी आणा.

"मकरंदला कळवू?"

"खबरदार. आईनं मुलाला असलं सांगायचं असतं का?"

"मग मी येते."

"तू बाहेर बसशील. आत कोण?"

"आत पण येते की."

"नाही."

मग त्या एकट्या जाणार का? तर, "जाणारच नाही. बघू, थांबेल आपोआप." काल चादर धुतली त्यांनी, वाऱ्यावर टाकली. मी बघितली. थांबलेलं नाही.

१ जून, रविवार

दुपारी काकू माझ्या खोलीत आल्या. पहिल्यांदाच नुसत्या. ताट नाही, काही नाही, हात मोकळे. पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "तुला प्राचीचं माहीत नाही."

माहीत होतं थोडं. प्राची म्हणजे मकरंदची बायको. होती. आता अल्बनीला असते, इथून गाडीनं तीन तासांवर, युनिव्हर्सिटीत काम करते.

तीन वर्षांपूर्वी, याच घरात, गणपती. प्राचीनं पहाटेपासून सगळा नैवेद्य केला होता, एकवीस मोदक हातानं वळले होते. पंधरा माणसं जेवायला. आरती झाली आणि ती काकूंच्या कानात म्हणाली, आई, मला काल रात्रीच पाळी आली, तुम्हाला कळावं म्हणून सांगते. काकूंनी पंधरा माणसांसमोर ताटं उचलली आणि सगळं बागेतल्या कंपोस्टमध्ये ओतलं. मोदकासकट. फरशी धुतली. पाहुण्यांना पिझ्झा मागवला.

"ती ओरडली नाही गं. नुसती म्हणाली, 'मी खरं सांगितलं म्हणून ना, आई? गप्प बसले असते तर तुम्ही दोन मोदक जास्त घेतले असते.' मकरंद मधे काही बोलला नाही. माझ्याही बाजूनं नाही, तिच्याही नाही. वर्षभरात मोडलं."

मी म्हणाले, "तिनं काय करायला हवं होतं?"

"मला काय विचारतेस? तू तर खोटी बसून जेवलीस." पण हे त्या चिडून नाही म्हणाल्या. उठता उठता माझ्या पायाला हात लागला त्यांचा. "केवढे गार गं पाय. मोजे घाल."

३ जून

लिनबाई. नाडी बघताना म्हणाल्या, आज तार थोडी सैल. मला फरक कळत नाही. पाळी नाही. "बसची वाट बघतात तशी बघू नकोस," म्हणाल्या. काकूंचं विचारलं. मी सांगितलं, जात नाही म्हणतात. आत कुणी नको त्यांना.

"कुणीच नको, की कुणीतरी हवंय?"

मी म्हणाले, माहीत नाही. पण घरी येताना त्यावर विचार केला आणि आमचा एक्झिट चुकला. थेट समुद्रकाठच्या मंगानुईला निघाले.

५ जून, गुरुवार

आज माझी तारीख. सकाळी काकू कॅलेंडरपाशी उभ्या होत्या. मी जाऊन शेजारी उभी राहिले. "नाही आली," म्हणाले.

"बरं," म्हणाल्या. टिंब दिलं नाही. "मग दिवा लाव."

लावला. त्या पॅसेजमध्ये.

दुपारी उद्याचं विचारलं. "नाही म्हटलं ना एकदा." मी म्हणाले, काकू, मी आत येईन, भिंतीकडे तोंड करून बसेन, डोळे मिटेन, काय हवं ते करेन. "तुला कशाला दाखवू मी ते? तू अजून लहान आहेस." मी एकोणतीस वर्षांची आहे. मग त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, जप.

पॅकहाउसला गेले नाही. दिवसभर घरात काहीतरी करत राहिले. लसूण सोलला. इतका कोण खाणार?

वहीत लिहितेय कारण दुसरं काही सुचत नाही. लिनबाई म्हणाल्या होत्या, लिहिलंस की कळेल. कळतंय ते एवढंच की मला भीती वाटते. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटतंय आणि ते हे आहे. उद्या सव्वादहा वाजतील, आणि त्या दार लावून आत बसतील, आणि मी लसूण सोलत असेन.

पाय गार. मोजे घातलेत.

५ जून, संध्याकाळ, साडेपाच

बेल वाजली. दार उघडलं. पावसात एक बाई, हातात गाडीची किल्ली आणि रात्रीपुरती बॅग. मला वाटलं पत्ता चुकली.

"मी प्राची," म्हणाली. "आईंनी दुपारी फोन केला होता. उद्या सव्वादहा ना?"